भंगारातल्या बाटल्या आणि काकवी

प्रश्न : आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्या भंगारवाल्याकडनं घेऊन, धुऊन त्यात काकवी भरतो. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं ‘प्लॅस्टिकचं केमिकल उतरतं, बीपीएचा रिपोर्ट दाखवा’ म्हणून माल अडवलाय. काय तपासून घेऊ?
– एक गुऱ्हाळमालक

उत्तर : दादा, बीपीएच्या रिपोर्टवर पैसे घालवू नका. बीपीए (बिस्फेनॉल-ए हे केमिकल) असतं पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकमध्ये. पाण्याचे २० लिटरचे कडक जार त्याचे असतात. तुमच्या बाटल्या पेट (PET) नावाच्या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या. बुडाला त्रिकोणात १ आकडा असेल, बघा. पेट बनवताना बीपीए लागतच नाही.

पेटमध्ये बघायचं ते अँटिमनी, धातूसारखं एक मूलद्रव्य. त्याचं ऑक्साइड कारखान्यात उत्प्रेरक म्हणून घालतात, त्यातलं थोडं प्लॅस्टिकमध्येच राहतं. गार पाण्यात ते फारसं उतरत नाही, उष्णता लागली की उतरणं वाढतं. काहिलीतनं काढलेली काकवी किती निवल्यावर भरता, नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाही! पेट ७०-७५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. भरल्यावर बाटली आक्रसली, बूड वाकडं झालं, तर काकवी गरमच भरली समजा.

लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची बघा. तिथं ‘केमिकल तपासा’ एवढंच म्हणू नका. ‘आयएस ९८४५ प्रमाणे ओव्हरऑल मायग्रेशन, आणि अँटिमनी वेगळं’ असं लिहून द्या, काकवी कितपत गरम भरता तेही सांगा. आयएस ९८४५ हे तपासणीचं भारतीय मानक, आणि ओव्हरऑल मायग्रेशन म्हणजे प्लॅस्टिकमधनं एकूण किती उतरतं ते. लॅबवाले बाटलीत काकवी भरत नाहीत. डिस्टिल्ड वॉटर, किंवा पदार्थ आंबट असेल तर ३ टक्के ॲसेटिक ॲसिड भरून ठरलेल्या तापमानाला ठेवतात, उदाहरणार्थ ४० अंशांवर १० दिवस. मग ते आटवून तळाशी काय उरलं त्याचं वजन करतात. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) एकूण उतरण्याची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम, अँटिमनीची ०.०४ मिलिग्रॅम.

हे झालं नव्या बाटल्यांचं. भंगारातल्या तपासून हाती काही लागणार नाही. एकीत पाणी होतं, दुसरीत कुणी रॉकेल ठेवलेलं, तिसरीत फिनेल. असलं काही पेटमध्ये मुरलं की सोडा-साबणानं निघत नाही. पाच बाटल्या पास झाल्या तरी सहावीची हमी कोण देणार?

होलसेलवाल्याकडनं नव्या फूडग्रेड बाटल्या घ्या आणि त्याच बॅचचा मायग्रेशन रिपोर्ट त्याच्याकडनंच मागा. देत नसेल तर दुकान बदला. गिऱ्हाइकाला तोच दाखवायचा. आणि अडकलेला माल नव्या बाटल्यांत ओतून परत पुण्याला धाडू नका.