पडलेला शेअर घेण्याआधी

प्रिय मित्रा,

सगळे विकतायत म्हणून आपण घ्यायचं, एवढ्याच भांडवलावर निघाला असशील तर थांब. ९० टक्के पडलेला शेअर म्हणजे ८० टक्के पडून पुन्हा अर्धा झालेला. ‘आता अजून किती पडणार’ म्हणत मध्ये शिरलेल्याचे निम्मे पैसे तिथेच गेले.

लोक का विकतायत, ते आधी एका ओळीत लिही. २०२० च्या ऑक्टोबरात कोल इंडिया, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीचा शेअर, ११५ रुपयांच्या आसपास होता. २०१० च्या आयपीओत (कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीत) लोकांनी तो २४५ ला घेतलेला. कारणं उघड होती: कोळशाला भविष्य नाही, सरकार कधीही हिस्सा विकायला काढेल. पण कंपनीची रोकड कर्जाहून कितीतरी जास्त, आणि आदल्या आर्थिक वर्षाचा लाभांश (नफ्यातून भागधारकांना मिळणारा वाटा) शेअरमागे १२ रुपये. भाव हलला नाही तरी दहा टक्के सुटत होते.

डीएचएफएल या दिवाळखोरीत गेलेल्या गृहकर्ज कंपनीचा शेअरही पडलेलाच होता. पण दिवाळखोरीत धनको (कर्ज देणारे) आधी, भागधारक सगळ्यात शेवटी. जून २०२१ मध्ये एनसीएलटीने (कंपन्यांच्या दिवाळखोरीचे खटले बघणाऱ्या न्यायाधिकरणाने) ती कंपनी विकत घेण्याची पिरामल समूहाची योजना मंजूर केली, त्या बातमीवरही लोक शेअर घेत होते. योजनेत भागधारकांच्या वाट्याला शून्य होतं.

तेव्हा पाच वर्षांचा निव्वळ नफा आणि कामकाजातून आलेली रोकड, दोन्हींची वेगवेगळी बेरीज करून शेजारी ठेव. नफा १०० आणि रोकड ४० दिसली तर पैसा उधारीत अडकलाय किंवा मुळात नाहीच. (बँका-फायनान्स कंपन्यांना हे माप लागत नाही.) मग प्रवर्तकांनी (कंपनीच्या मुख्य मालकांनी) आपले किती शेअर कर्जासाठी तारण ठेवलेत ते बघ. भाव पडला की सावकार ते विकतो, त्याने भाव आणखी पडतो.

एका शेअरात तुझ्या एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको, तेही चार हप्त्यांत. पुढचा हप्ता भाव पडला म्हणून नाही, तिमाही निकाल वाचून. ब्रोकरच्या उधारीवर तर मुळीच नको. तळाला तोच तुझे शेअर विकून टाकेल. आणि लोअर सर्किट (दिवसात भाव पडण्याची ठरलेली मर्यादा) लागलं की घेणाराच नसतो, स्टॉपलॉस (ठरावीक भावाला आपोआप विकायची ऑर्डर) नुसता पडून राहतो.

वाट बघणं सगळ्यात जड. कोल इंडियाने ५०० ओलांडले ते २०२४ मध्ये; जुलै २०२१ मध्येही तो दीडशेच्या आतबाहेर घुटमळत होता.

त्या पहिल्या ओळीखाली दुसरी लिही: काय घडलं तर मी चुकलो. कोल इंडियासाठी ती ‘वीज कंपन्यांची थकबाकी वाढत गेली आणि लाभांश आटला’ अशी झाली असती. खाली तारीख टाक.