मोहीम फत्ते झाली, हे कशावरून ठरवायचे?

प्रश्न : सशस्त्र गटाविरुद्धची मोठी लष्करी कारवाई थांबली की सरकार 'गटाचा कणा मोडला' असे जाहीर करते आणि ठार झालेल्यांचा आकडा देते. तोच गट दुसऱ्या बाजूला विजयाच्या मिरवणुका काढतो. आमच्यासारख्या वाचकांनी यातले खरे काय मानावे?
– एक वाचक

उत्तर : मोहीम सुरू होताना सरकारने काय साधायचे म्हणून सांगितले होते, ते आधी शोधून काढावे, कारण मोहीम संपल्यावर सांगितली जाणारी उद्दिष्टे बहुतेक वेळा जे हाती लागले त्याच्याच मापाने बेतलेली असतात. २००६ चे लेबनॉन युद्ध घ्या. १२ जुलैला हिजबुल्ला या लेबनॉनमधील सशस्त्र गटाने सीमेवरून दोन इस्रायली सैनिक पळवून नेले, तेव्हा त्यांना परत आणणे आणि रॉकेटांचा मारा थांबवणे ही उद्दिष्टे इस्रायलने उघडपणे मांडली होती. ३४ दिवसांनी शस्त्रसंधी झाली तेव्हा सैनिक परतलेले नव्हते (दोन वर्षांनी कैद्यांच्या बदल्यात परत आले ते त्यांचे मृतदेह) आणि रॉकेटे शेवटपर्यंत पडतच होती. इस्रायलनेच नेमलेल्या विनोग्राड आयोगाने या युद्धात स्पष्ट लष्करी विजय मिळाला नाही, असा निर्वाळा दिला.

मग हिजबुल्ला जिंकली का? त्यांनी त्याला 'दैवी विजय' म्हटले खरे. पण त्यांचे तेव्हाचे प्रमुख हसन नसरल्ला यांनी त्याच ऑगस्टमध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले, की एवढे युद्ध ओढवेल हे आधी कळले असते तर सैनिक पळवण्याचा निर्णय घेतलाच नसता. विजयाच्या सगळ्या भाषणांपेक्षा मला ही कबुली अधिक बोलकी वाटते. पुढे २०२३ पर्यंत ती सीमा बऱ्याच अंशी शांत राहिली, म्हणजे धाक बसला असे म्हणता येते. मात्र त्याच शांततेच्या काळात हिजबुल्लाचा रॉकेटसाठा कित्येक पटींनी वाढला. म्हणून जाहीर उद्दिष्टांच्या कसोटीवर ही मोहीम फसली आणि धाकाच्या कसोटीवर अर्धीमुर्धी साधली, असे मी म्हणेन, आणि हे दोन निकाल एकमेकांत मिसळणार नाही.

आता ठार झालेल्यांच्या आकड्याविषयी. हा आकडा खरा असला तरी त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण मेलेल्यांच्या जागी तितकेच नवे लोक येत असतील तर गट जिथे होता तिथेच राहतो. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने वर्षानुवर्षे प्रेते मोजली आणि तरीही युद्ध गमावले. त्याहून वाईट म्हणजे, आकडा हेच यशाचे माप ठरले की तो बनवला जाऊ लागतो. कोलंबियात फार्क ही डावी संघटना व इतर बंडखोरांविरुद्धच्या लढाईत ठार केलेल्या शत्रूंच्या संख्येनुसार सैनिकांना रजा आणि बक्षिसे मिळत. २००८ मध्ये राजधानी बोगोटालगतच्या सोआचा येथील गरीब घरांतले तरुण नोकरीच्या आमिषाने दूर ओकान्याच्या परिसरात नेण्यात आले आणि काही दिवसांतच 'चकमकीत ठार झालेले बंडखोर' म्हणून नोंदले गेले. अशा प्रकरणांत प्रेतांच्या पायांत बंडखोर वाटावेत म्हणून चढवलेले नवे कोरे रबरी बूट होते, काहींच्या तर डाव्याचा बूट उजव्या पायात होता. २००२ ते २००८ या काळात असे किमान ६,४०२ जण मारले गेले, असे शांतता करारानंतर तिथे नेमलेल्या विशेष न्यायालयाने पुढे जाहीर केले. तेव्हा नुसता ठार झालेल्यांचा आकडा वाचून समाधान मानू नये. किती जण शरण आले, गावकरी खबर देऊ लागले का, गटाची खंडणी अजून वसूल होते का आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर हुकूम कोणाचा चालतो, हे विचारावे. या गोष्टी पत्रकार परिषदेत क्वचितच सांगितल्या जातात.

प्रश्न : म्होरक्या मारला किंवा पकडला गेला, की गट संपला असे समजावे का?
– दुसरे एक वाचक

उत्तर : गट कशाच्या आधारावर उभा आहे, त्यावर ते अवलंबून असते. पेरूमधील 'शायनिंग पाथ' या माओवादी बंडखोर गटाचा सारा डोलारा अबिमाएल गुझमान या एका माणसावर उभा होता. लिमामधील एका नृत्यशिक्षिकेच्या घरातून निघणारा कचरा तिथे राहणाऱ्यांच्या मानाने जास्त आहे, हे पोलिसांच्या एका छोट्या पथकाने हेरले. त्या कचऱ्यात गुझमानच्या आवडीच्या सिगारेटची थोटके आणि त्याच्या सोरायसिसवरील मलमाच्या नळ्या सापडल्या. १२ सप्टेंबर १९९२ ला तो पकडला गेला, वर्षभरात त्याने तुरुंगातूनच तहाची भाषा सुरू केली आणि गट फुटला. दुर्गम खोऱ्यांत एक अवशेष कोकेनच्या धंद्याच्या आधाराने टिकून राहिला, पण सरकार उलथवण्याची ताकद त्याच्यात उरली नाही.

इराकमध्ये नेमके उलटे झाले. तिथल्या अल-कायदाचा म्होरक्या झरकावी जून २००६ मध्ये मारला गेला, एप्रिल २०१० मध्ये आणखी दोन प्रमुख एकाच वेळी मारले गेले, आणि गट संपत आल्याचे बोलले जाऊ लागले. या गटाला खऱ्या अर्थाने खिळखिळे केले होते ते त्याच्याविरुद्ध उठलेल्या सुन्नी टोळ्यांनी. त्या लढवय्यांना सरकारी नोकऱ्या देण्याचे वचन बगदादच्या सरकारने बऱ्याच अंशी पाळले नाही आणि सुन्नी भागांतला रोष वाढत गेला. जुलै २०१३ मध्ये अबू ग्रैब तुरुंगावर हल्ला होऊन पाचशेहून अधिक कैदी पळाले. हे करू शकणाऱ्या गटाला संपलेला म्हणता येत नाही, हे तेव्हाच ओळखायला हवे होते. जून २०१४ मध्ये त्याच गटाने, 'इसिस' या नावाने, मोसुल काही दिवसांत घेतले.

श्रीलंकेत मे २००९ मध्ये एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेचा म्होरक्या प्रभाकरन मारला गेला, पण तोवर तिचे मुख्य ठाणे किलिनोच्ची पडून तिची न्यायालये, पोलीस आणि बँकही मोडून पडली होती, आणि संघटना पुन्हा उभी राहिली नाही. लष्करी अर्थाने ही मोहीम यशस्वी म्हणावीच लागते. अखेरच्या महिन्यांत ४०,००० पर्यंत नागरिकांचा बळी गेला असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०११ मध्ये वर्तवली, तिचा हिशेब मात्र अजून झालेला नाही.