एक थर की साडेचारशे?

तुझे प्रश्न दोन. मॉलिब्डेनम डायसल्फाइड आणि नायोबियम डायसेलेनाइडची रचना सारखी, तरी पहिलं अर्धवाहक आणि दुसरं धातूसारखं का? आणि टाउक आलेखावर (प्रकाशाच्या शोषणावरून बँडगॅप काढायचा आलेख) मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या फिल्मची बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापट्ट्यांमधली फट, १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आली, तर मोनोलेअर, म्हणजे एकच थर, लिहू का?

पहिलं सोपं आहे. सल्फर-सेलेनियमच्या नादी लागू नकोस, धातूचे इलेक्ट्रॉन मोज. मॉलिब्डेनमकडे सहा, चार बंधात गेले की डी-कक्षकांत (धातूच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागांत) दोन उरतात. नायोबियमकडे पाच, उरतो एक. भोवतीचे सहा अणू त्रिकोणी प्रिझमच्या कोपऱ्यांवर बसले की त्यांतला डी-झेड-स्क्वेअर कक्षक ऊर्जेत खाली उतरतो आणि त्याचा ऊर्जापट्टा दोन इलेक्ट्रॉनांत गच्च भरतो. एकच असेल तर पट्टा अर्धा रिकामा, वीज वाहणारच. नायोबियमवालं तर ७.२ केल्विनखाली अतिवाहक होतं, म्हणजे विजेला रोधच उरत नाही. मॉलिब्डेनमच्याच थरांत लिथियम घुसवलं तर भोवतीच्या सहा अणूंची रचना अष्टफलकी होते, खाली तीन कक्षक जवळजवळ येतात, तेवढे इलेक्ट्रॉन त्यांना भरायला पुरत नाहीत, आणि तेही धातूसारखं वागायला लागतं.

दुसऱ्याचं उत्तर: नको लिहूस. मी हीच चूक केलीय. एमएस्सीला केमिकल बाथमध्ये काच बुडवून काळपट फिल्म काढली, १.७८ आलं आणि आनंदाने मोनोलेअर लिहून मोकळा झालो. सरांनी फक्त काचेचं आधीचं-नंतरचं वजन विचारलं. वजनातल्या फरकावरून जाडी निघाली ३०० नॅनोमीटर! एक थर ०.६५ नॅनोमीटरचा, म्हणजे साडेचारशेच्या वर थर. उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचीच भुकटी असलेलं काळं ग्रीस असायचं, बोटाला लागलं की साबणालाही दाद देत नसे. थर एकमेकांवरून घसरतात म्हणून ते वंगण. तेच थर मी बीकरमध्ये रचले होते, एक नव्हे, शेकड्यांनी.

मग १.८ आलं कुठून? जाड नमुन्याची खरी फट अप्रत्यक्ष (ती ओलांडायला प्रकाशाबरोबर अणूंच्या कंपनाचीही मदत लागते), १.३च्या आसपास, पण तिचं शोषण दुबळं. तू टाउक आलेखात शोषणाचा वर्ग घेतलास, म्हणजे थेट संक्रमणच (नुसत्या प्रकाशाने होणारी उडी) पकडलंस, आणि ते जाड नमुन्यातही १.८च्या जवळपासच असतं.

रामन वर्णपट काढ (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून अणूंची कंपनं मोजतात तो). दोन मुख्य शिखरांत १९ प्रति सेंटीमीटरच्या आसपास अंतर आलं तर एक थर, २५ आलं तर जाड. आणि त्याआधी काचेचं वजन कर, फुकटात होतं.