डीएनएच्या धाग्यात अडकलेली चांदी स्वतःच कशी उजळते?

दागिना चमकतो तो बाहेरचा प्रकाश परतवून. इथे मामला वेगळा आहे. डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांपैकी एक असलेल्या सायटोसीनला चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, पटकन चिकटतात. त्यात आयनांना इलेक्ट्रॉन देणारं सोडियम बोरोहायड्राइड घातलं की साधारण 10 ते 30 अणूंचा पुंजका बनतो. एवढ्याशा पुंजक्यात इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच मिळतात. प्रकाश शोषून वर चढलेला इलेक्ट्रॉन खाली उतरताना हिरवा, लाल, अगदी अवरक्त प्रकाशही सोडतो. रंग मुख्यतः पुंजक्याच्या आकारावर, आणि आकार डीएनएच्या अक्षरक्रमावर. अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या गटाने 2004 मध्ये असे पुंजके बनवून दाखवले. मला भारी वाटते ती 2010 ची करामत: मंद पुंजक्याशेजारी ग्वानिन या दुसऱ्या अक्षराने भरलेला डीएनएचा धागा आणला की लाल उजेड शेकडो पटींनी वाढतो!