वडिलांची जीप, मोठे टायर आणि आरसी बुक

प्रश्न : मी गोव्यात धारबांदोड्याला राहतो. वडिलांची महिंद्रा सीजे-3बी जीप आहे, नोंदणी 1974 ची. 1991 मध्ये त्यांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले. गेल्या वर्षी ते वारले. घरी आई, मी आणि लग्न झालेली बहीण. मी जीपला 31 इंची टायर, चार इंचांचे लिफ्ट किट (गाडी उंच उचलणारे सुटे भाग) आणि पुढे जाड लोखंडी बंपर लावला. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पासिंगला नेली तेव्हा गाडी परत पाठवली, आणि येताना मोल्याजवळ पोलिसांनी चलन केले. दंड भरला की विषय मिटेल का? गाडीला पन्नास वर्षे झाली, तर विंटेज म्हणून नोंद करता येईल का?

उत्तर : सगळ्यात आधी घरातले जुने आरसी बुक काढा आणि इंधनाचा रकाना वाचा. तुमच्या प्रकरणाचा निम्मा निकाल तिथे लिहिलेला आहे.

1991 मध्ये मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आजच्याइतके कडक नव्हते. परिवहन कार्यालयाला कळवून, मंजुरी घेऊन इंजिन बदलता येत असे आणि तशी नोंद आरसी बुकात होत असे. आजचे रूप या कलमाला ऑगस्ट 2000 मध्ये आले. तुमच्या वडिलांनी तेव्हा नोंद करून घेतली असेल, म्हणजे बुकात ‘डिझेल’ आणि नव्या इंजिनाचा क्रमांक शिक्क्यासह असेल, तर तो बदल रीतसर आहे आणि त्यावरून तुम्हाला अडवू देऊ नका. पुस्तकाची साक्षांकित प्रत अर्जाला जोडा. नोंद नसेल तर मात्र काम अवघड आहे. इंजिनाचे बिल, जुन्या विमा पॉलिसी, आधीच्या नूतनीकरणाची कागदपत्रे, जे सापडेल ते घेऊन आधी एखाद्या वकिलाला भेटा. कागद हातात नसताना अर्जात इंजिनाबद्दल काहीही लिहून देऊ नका.

टायर आणि लिफ्ट किटची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे मी तुमची बाजू घेऊ शकत नाही. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही, असे कलम 52 आज सांगते. केरळ उच्च न्यायालयाने यात सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी तो निकाल फिरवला. रंग बदलणे, किरकोळ फिटिंग करणे याला हरकत नाही, पण गाडीच्या मूळ रचनेला हात लावायचा नाही. राज्याचे नियमही कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

‘टायर तर टायरच, त्यात रचना कसली?’ असे तुम्हाला वाटत असेल. जरा हिशेब करा. या जीपचा मूळ टायर 6.00-16, म्हणजे साधारण 28 इंच उंच. त्याजागी 31 इंची आला की वेगाचा काटा 50 दाखवतो तेव्हा गाडी 55 च्या आसपास धावत असते. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक, आणि त्यांना आता मोठे, जड चाक थांबवायचे आहे. दोन चाकांमधले अंतर जेमतेम चार फूट, त्यावर गाडी आणखी उचललेली. अनमोड घाटातल्या पावसाळी वळणावर ही जीप कशी वागेल, हा विचार मला तुमच्या चलनापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. लोखंडी बंपरबाबतही तेच. अशा गार्डवर कारवाई करा, असे केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले आहे, कारण धडकेत समोरचा पादचारी त्यानेच जास्त जखमी होतो.

दंड भरून विषय मिटणार नाही. कलम 182अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तडजोड शुल्क भरता येते, पण त्याने झालेला गुन्हा मिटतो, बदल कायदेशीर होत नाही. पुढच्या नाक्यावर पुन्हा चलन होऊ शकते. विम्याचे त्याहून वाईट. न कळवलेल्या बदलांमुळे तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते, आणि कुणी जखमी झाले तर त्याला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करायला न्यायाधिकरणात भांडेल.

विंटेजच्या वाटेला जाऊ नका. 2021 च्या नियमांत पन्नास वर्षे ही फक्त पहिली अट आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. तुमचे इंजिन बदललेले आहे. शिवाय अशी नोंद झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला तर ती रोज वापरायची आहे.

आता तुम्ही न विचारलेला मुद्दा. जीप अजून वडिलांच्याच नावावर आहे, हे गृहीत धरतो. मृत्यूनंतर 30 दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना 31, म्हणजे वारसाच्या नावावर गाडी करण्याचा अर्ज, भरायचा, असा नियम आहे. मुदत उलटली तरी अर्ज आजच करा, विलंब शुल्क भरा. आपल्या गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात एक गोष्ट विसरू नका. आईवडिलांनी लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर निम्मी जीप आईची आहे. उरलेल्या निम्म्यात तुमचा आणि बहिणीचा सारखा वाटा. तिचे लग्न झाले म्हणून तो जात नाही. सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते नोंदवणारा दस्त, करा आणि गाडी तुमच्या नावावर करायला दोघींची लेखी संमती घ्या. मृत माणसाच्या नावावरच्या पॉलिसीवर अपघात झाला तर तुम्हाला उत्तर देता येणार नाही.

पासिंगला पुन्हा जाण्यापूर्वी मूळ मापाचे टायर चढवा, लिफ्ट किट उतरवून पाटे (स्प्रिंग) आणि ते जोडणारे शॅकल जुने बसवा, बंपर काढा. ब्रेक ओळखीच्या मेस्त्रीकडून तपासून त्याचे बिल घ्या. नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे नमुना 25, नोंदणीची मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत भरता येतो. मोठे टायर विकायलाच हवेत असे नाही, रिमसकट ठेवा. चिखलात गाडी घालायची हौस असेल तर ते टायर वेगळे टेम्पोने खाजगी मैदानात न्या, तिथे पाच-पाच नट सोडून चढवा आणि रस्त्यावर येण्याआधी उतरवा. समुद्रकिनारा किंवा अभयारण्यातली वाट म्हणजे खाजगी मैदान नव्हे. तिथे गाडी घातलीत तर प्रकरण मोटार कायद्यापुरते राहणार नाही.