‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये ब्रूस वेनची, म्हणजे बॅटमनची, मोडलेली पाठ इतक्या लवकर बरी होते, हे कितपत खरे वाटते?

सरकलेला मणका पाठीत ठोसा मारून जागेवर बसवला आणि माणसाला दोरीने टांगून ठेवले, की तो काही महिन्यांत विहिरीसारख्या तुरुंगाच्या भिंती चढू लागतो, हे मुळीच खरे नाही. अशा ठोशाने मज्जारज्जूला इजा होऊन पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका मोठा. १९९३ च्या ज्या चित्रकथेत बेन या खलनायकाने त्याची पाठ मोडली, तिथे तो अखेर अतींद्रिय शक्तीने बरा होतो. वैद्यकाचे नाव पुढे न करण्याचा प्रामाणिकपणा तिथे निदान होता.

मला मात्र पाठीपेक्षा त्याचा गुडघा अधिक खुपतो. आठ वर्षे घरात कोंडून घेतलेला, काठी टेकत चालणारा ब्रूस डॉक्टरकडे जातो आणि गुडघ्यात कूर्चाच उरलेली नाही असे त्याला सांगितले जाते. पुढे तो पायाला यांत्रिक आधार चढवून लाथेने विटा फोडतो, आणि तुरुंगात तो आधार नसतानाही गुडघ्याचा विषय पुन्हा निघत नाही.

हा चित्रपट मी जुलै २०१२ मध्ये थोरल्या भावाबरोबर पाहिला, तेव्हा माझ्या गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेला दहा आठवडे झाले होते. मी कबड्डीत चढाई करायचो. पकडीतून सुटून मध्यरेषेकडे वळताना पाय जमिनीवरच राहिला आणि गुडघा फिरला. बसवलेला नवा तंतू पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वांत दुबळा असतो आणि नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते, हे फिजिओथेरपिस्टने मला बजावले होते. चित्रपटगृहातून बाहेर पडताना दादा म्हणाला, “बघ, त्याची तर पाठ मोडली होती. तुझ्या फक्त मनात भीती बसली आहे.” निदान नऊ महिने थांबायचे असताना मी नवरात्रात मैदानात उतरलो आणि दुसऱ्याच चढाईत तो तंतू तुटला. दुसरी शस्त्रक्रिया झाली, पण कबड्डी कायमची सुटली.

दादा आजही तेच वाक्य ऐकवतो, म्हणून लिहितो: त्याने तो प्रसंग नीट पाहिलेलाच नाही. दोर बांधून चढणारा ब्रूस पुन्हा पुन्हा पडतो, कारण त्याला मरणाचे भय उरलेले नाही. दोर सोडल्यावर भय परत येते आणि तेच त्याला पलीकडे नेते. २००५ च्या पहिल्या भागात विहिरीत पडलेल्या, वटवाघळांना घाबरणाऱ्या मुलापासून ही मालिका भयाकडे शहाणपणाने पाहते. मनाच्या बाबतीत दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांची समज पक्की आहे, शरीराच्या बाबतीत मात्र त्यांनी सरळ हात झटकले आहेत.

मी डॉक्टर नाही, आणि गुडघ्याचा अनुभव मणक्याला जसाच्या तसा लागू होत नाही. भीतीपोटी व्यायामच टाळणारे रुग्णही असतात आणि त्यांना दादासारख्या माणसाचा उपयोग होत असेल. आपण हा प्रश्न स्वतःच्या दुखापतीमुळे विचारला असेल, तर परतण्याची तारीख फिजिओथेरपिस्टकडून घ्यावी, आणि चित्रपट घरच्यांबरोबर पाहायचाच असेल तर तो ती तारीख उलटल्यावर पाहावा.