वाचकांचे प्रश्न : ब्लेड नवे, पण वस्तरा?

प्रश्न : आमच्या सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे ब्लेड लावतात, मात्र वस्तरा, कात्री आणि कंगवे दिवसभर एकाच पेल्यातील जंतुनाशक पाण्यात बुडवलेले असतात आणि दाढीनंतर तुरटीचा एकच खडा सर्वांच्या गालांवरून फिरतो. एवढी काळजी पुरेशी आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नवे ब्लेड ही सर्वांत महत्त्वाची खबरदारी आहे, पण ती पुरेशी नाही. ब्लेड बदलले तरी ते ज्या खाचेत बसवतात ती तीच राहते. ती एकदा उजेडात धरून पाहा. साबणाचा वाळलेला पांढरा थर, त्यात रुतलेले बारीक केस आणि कधी रक्ताचा अंशही तिथे सापडतो. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान ७ दिवस तग धरतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यातूनही शरीरात शिरू शकतो.

पेल्यातील पाण्यावर माझा भरवसा नाही. केस, तेल आणि साबण यांच्या थराखाली जंतुनाशक पोहोचत नाही, आणि दुपारपर्यंत ते पाणी गढूळ झालेले असते. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकानंतर वस्तरा उघडून खाच ब्रशने साबणाच्या पाण्यात घासावी, कोरडी करावी आणि मग ७० टक्के अल्कोहोल लावून ते आपोआप वाळू द्यावे. रक्त लागले असेल, तर धुतल्यानंतर अवजार ०.५ टक्के क्लोरीनच्या ताज्या द्रावणात १० मिनिटे ठेवावे. मात्र नंतर ते धुऊन लगेच पुसावे, नाहीतर पोलाद गंजते.

तुरटीने रक्त थांबते ते ती ऊती आकसून घेते म्हणून. त्यामुळे खडा निर्जंतुक होतो, असे मुळीच नाही. एकाच्या जखमेवरून तो थेट दुसऱ्याच्या जखमेवर जातो. तुरटीची पूड दर वेळी नव्या कापसाच्या बोळ्यावर घेऊन लावावी, किंवा आपला खडा घरूनच न्यावा.

कंगवे आणि ट्रिमर यांच्यामुळे मुख्यतः नायटा पसरतो, त्यामुळे तेही धुतलेले हवेत. टॉवेल प्रत्येकाला वेगळा.

हे सारे कारागिराला सांगताना त्याच्या जिवाचीही काळजी बोलून दाखवावी, कारण इतरांच्या रक्ताशी त्याच्या बोटांचा संबंध रोज येतो. हिपॅटायटिस बीच्या लसीचे ३ डोस असतात. पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. ते त्याने अवश्य घ्यावेत.